रूल ५ चा पिचर आणि तेराव्या जागेचा हिशेब: एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया मुद्देसूद आहे, म्हणून उत्तर दोन ओळींत उरकत नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मेजर लीग बेसबॉलमध्ये प्लेऑफच्या (मोसमानंतरच्या बाद फेरीच्या) शर्यतीतल्या संघाने रूल ५ ड्राफ्टमधून उचललेला नवखा पिचर (चेंडू टाकणारा) मोसमभर सांभाळणं म्हणजे २६ पैकी एक जागा फुकट घालवणं. योहान सँटाना, योआकिम सोरिया ही रूल ५ मधून आलेली मंडळी हरणाऱ्या संघांत वाढली, आणि शर्यतीतल्या संघालाही हे जमतं असं म्हणताना मी मात्र गॅरेट व्हिटलॉक या एकाच नावावर सगळी मदार ठेवली. शिवाय जखमी पिचर निवडून त्याला जखमींच्या यादीत झोपवून ठेवणं ही सरळ पळवाट नाही का, असंही तुम्ही विचारलंय.

ज्यांना नियम ठाऊक नाही त्यांच्यासाठी: दुसऱ्या संघाने ४० जणांच्या यादीत न घेतलेला, मायनर (खालच्या पातळीच्या) लीगमधला जुना खेळाडू डिसेंबरमध्ये १ लाख डॉलर भरून उचलता येतो. मात्र त्याला पूर्ण मोसम मेजर लीगच्या २६ जणांत ठेवावं लागतं. ठेवायचा नसेल तर आधी वेव्हरवर टाका (म्हणजे बाकी संघांना तो घेण्याची संधी द्या), कोणी घेतला नाही तर मूळ संघाला ५० हजार डॉलरला परत द्या.

इतिहासाबद्दल तुमचं बरोबर आहे, उलट तुमच्याच बाजूने आणखी एक दाखला देतो. सँटाना ज्या संघात २००० साली ६.४९ च्या ईआरएने (९ इनिंगमागे पिचरच्या खात्यावर पडलेल्या रन) मार खात शिकला, तो मिनेसोटा ट्विन्सचा संघ ६९ जिंकून ९३ हरला. सोरियाला २००७ मध्ये सांभाळणारा कॅन्सस सिटी रॉयल्स ६९-९३. रूल ५ मधूनच आलेल्या मिच स्पेन्सकडून २०२४ मध्ये दीडशे इनिंग टाकून घेणारा अॅथलेटिक्स, तोही ६९-९३! गंमत सोडा, पण अशा संघांना गमावण्यासारखं काही नसतं, हे खरं.

तरीही तोटा तुम्ही बोट ठेवताय तिथे नाही. तुम्हाला त्याने दिलेल्या रन खुपतात. जरा आकडे मांडू. नवख्याचा ईआरए ५.५० धरा, आणि त्याच्याऐवजी ट्रिपल-ए (मायनर लीगची सर्वांत वरची पातळी) मधून जो आला असता त्याचा ४.२०. फरक ९ इनिंगमागे १.३० चा, म्हणजे ४० इनिंगमध्ये जेमतेम ६ रन. साधारण १० रनांना एक विजय हा बेसबॉलमधला नेहमीचा अंदाज लावला, तर नुकसान अर्ध्या विजयाच्या थोडं वर. त्याला ७-१ अशा जवळपास निकाल लागलेल्या सामन्यांतच टाकलं तर तेवढंही नाही. एवढ्याने डिव्हिजन (म्हणजे गटातली पहिली जागा) जात नाही.

जाते ती दुसऱ्याच कारणाने. समजा मंगळवारी स्टार्टर (सामना सुरू करणारा पिचर) तिसऱ्या इनिंगमध्येच उखडला गेला. नवख्याने पुढच्या तीन इनिंग ओढल्या, ५० पिच टाकले. आता बुधवार-गुरुवार त्याचा हात बंद. त्याच्या जागी ऑप्शन (मायनरला धाडण्याची मुभा) शिल्लक असलेला रिलीव्हर (स्टार्टरनंतर येणारा पिचर) असता, तर त्याला त्याच रात्री ट्रिपल-ए ला धाडून सकाळी ताज्या हाताचा माणूस बोलावता आला असता. रूल ५ वाला खाली जाऊच शकत नाही. मग जायचं कोणी? ऑप्शन असलेल्या दुसऱ्याने, आणि तो तुमच्या बुलपेनमधला (रिलीव्हरांच्या ताफ्यातला) तिसरा उत्तम पिचरही असू शकतो. एकदा गेला की कोणी जखमी झाल्याशिवाय १५ दिवस परत नाही. पिचरची कमाल संख्या १३, त्यामुळे एक बॅटर कमी करून चौदावा पिचर घेण्याची सोयही नाही. ही मर्यादा २०२२ च्या जूनपासून पाळावी लागते. सँटानाच्या वेळी ती नव्हती, आणि सप्टेंबरमध्ये यादी ४० पर्यंत फुगायची. आता सप्टेंबरमध्ये २८, त्यात पिचर १४. म्हणून त्या काळचे दाखले ना तुमच्या कामाचे, ना माझ्या.

‘लपवून ठेवू’ हा विचार तर सोडूनच द्यावा. ट्वेंटी-२० मध्ये कप्तान एखाद्याला एकही ओव्हर न देता सामना काढतो. इथे सहा महिन्यांत १६२ सामने आहेत. स्टार्टर सरासरी सव्वापाच इनिंगच्या आसपास टाकतात, म्हणजे बुलपेनवर मोसमात साधारण ६०० इनिंग येतात. आठ रिलीव्हर धरले तर प्रत्येकी ७५. नवख्याने ३०च टाकल्या तर उरलेल्या ४५ बाकी सातांच्या खांद्यावर, आणि त्यातला मोठा वाटा मॅनेजरचा ज्यांच्यावर भरवसा असतो त्यांच्यावरच. ऑगस्टमध्ये सेटअप पिचरचा (शेवटच्या इनिंगच्या आधी येणाऱ्या भरवशाच्या रिलीव्हरचा) वेग का उतरला, याचं उत्तर अनेकदा इथे सापडतं. डावखुऱ्याला एका बॅटरपुरता आणण्याची युक्तीही २०२० पासून बंद आहे. तीन बॅटर खेळवा किंवा इनिंग संपवा.

आता व्हिटलॉक एकटाच का, ते पाहू. बॉस्टनने २०२१ मध्ये ९२ सामने जिंकले, त्यात त्याच्या ७३ इनिंग, ईआरए १.९६. बाल्टिमोरने २०१३ मध्ये ८५ जिंकले, टी. जे. मॅकफार्लंडच्या ७४ इनिंग, ईआरए ४.२२. सेंट लुईसने २०२४ मध्ये ८३ जिंकले, रायन फर्नांडेझच्या ६६. त्याच वर्षी बॉस्टन ८१-८१, जस्टिन स्लेटनच्या ५५. मॅकफार्लंडचा ईआरए बघा, डोळे दिपवणारा अजिबात नाही, पण त्याने आपल्या वाटणीच्या इनिंग उचलल्या. उलट बाल्टिमोरनेच २०१५ मध्ये जेसन गार्सियाला ठेवलं. खांद्याच्या दुखण्यात बराच काळ गेला, इनिंग ३० सुद्धा भरल्या नाहीत, आदल्या वर्षी ९६ जिंकलेला संघ ८१-८१ वर आला (दोष एकट्या गार्सियाचा नव्हे, हे उघड आहे), आणि पुढे गार्सिया मेजर लीगमध्ये दिसला नाही.

म्हणून माझी अट आहे ती इनिंगची. ५५-६० इनिंग टाकता येतील असाच पिचर घ्या. शक्यतो डबल-ए किंवा ट्रिपल-ए मध्ये स्टार्टर राहिलेला, कारण त्याला दोन-तीन इनिंगची सवय असते. ९ इनिंगमागे ४ पेक्षा जास्त वॉक (चार चुकीच्या चेंडूंवर बॅटरला फुकट बेस) देणारा, मग तो ९९ मैलांनी टाको, मी घेणार नाही. तीन बॅटरच्या नियमात वॉक देणाऱ्याला मधेच वाचवता येत नाही. आणि बाकीच्या सात रिलीव्हरांपैकी किमान दोघांकडे ऑप्शन हवेत. सातही अनुभवी, बिनऑप्शनचे असतील तर ड्राफ्टच्या दिवशी गप्प बसावं.

मार्चच्या सराव सामन्यांतल्या ईआरएवर भुलू नये. सातव्या-आठव्या इनिंगमध्ये समोर बहुधा मायनर लीगची पोरं असतात. त्याला चौथ्या-पाचव्या इनिंगमध्ये टाका, समोरचा मूळ क्रम मैदानात असताना, आणि पहिला पिच स्ट्राइक किती वेळा पडतो एवढंच मोजा. मेच्या मध्यापर्यंत मॅनेजर त्याला दोन रनांच्या फरकातही आणायला धजावत नसेल तर सोडावा. जुलैअखेरपर्यंत रेटण्यात अर्थ नाही, कारण तेव्हा बाहेरून रिलीव्हर आणला की जागा त्याचीच जाणार. वेव्हरवर कोणी उचलला नाही, तर मूळ संघाला एखादा खेळाडू किंवा रोख देऊन त्याचे हक्क घ्यायचे. मग तो बंधनमुक्त होतो, खाली पाठवता येतो. हा मार्ग संघ विसरत नाहीत, आपण प्रेक्षक विसरतो.

राहिली पळवाट. टोरंटोने डिसेंबर २०२४ मध्ये आन्हेल बास्तार्दोला बॉस्टनकडून उचललं, तेव्हा त्याच्या कोपराच्या टॉमी जॉन शस्त्रक्रियेला जेमतेम सहा महिने झाले होते. ६० दिवसांच्या जखमी यादीत गेलेला खेळाडू ४० च्या यादीतही मोजला जात नाही, म्हणजे २०२५ मध्ये टोरंटो अमेरिकन लीग जिंकत असताना त्याने कोणाचीच जागा अडवली नव्हती. खर्च होता तो किमान पगाराचा. पण नियमात किमान ९० दिवस प्रत्यक्ष २६ मध्ये राहण्याची अट आहे, ती भरली नाही तर बंधन पुढच्या मोसमात जातं. बरा झाल्यावर मायनरमध्ये सरावाला पाठवायची मुदतही पिचरला एरवी ३० दिवसांचीच. त्यामुळे पळवाट म्हणण्यापेक्षा ही उधारी आहे. ती फेडायच्या वर्षी संघ शर्यतीत असला तर वर मांडलेला सगळा हिशेब पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो, आणि तोही वर्षभर एकही पिच न टाकलेल्या माणसासाठी.