28-3: हरलेल्या बाजूकडून

"शेवटची दोन मिनिटं, चार पॉइंटनी मागे. बॉल कोणाच्या हातात द्याल?" एनएफएल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगचा सीझन जवळ आला की आमच्या ग्रुपवर हा प्रश्न कोणीतरी टाकतोच. उत्तरंही ठरलेली, सगळी क्वार्टरबॅकची नावं. बॉस्टनवाले ब्रेडी म्हणतात, बे एरियातले जुनेजाणते मॉन्टाना म्हणतात आणि कॉलेजातली पोरं माहोम्सच्या पलीकडे बघायला तयार नसतात. मग कोणीतरी 'फोर्थ क्वार्टर कमबॅक'ची (चौथ्या, म्हणजे शेवटच्या क्वार्टरला मागे असताना फिरवून जिंकलेल्या मॅचची) यादी चिकटवतो, कोणाच्या नावावर किती, आणि वाद मिटला असं समजून मंडळी झोपायला जातात.

मी अटलांटात राहतो आणि इथल्या फाल्कन्स टीमचा आहे. म्हणजे त्या यादीतला सगळ्यात गाजलेला कमबॅक मी पलीकडच्या बाजूने बघितलाय. त्यामुळे असेल, पण मला त्या यादीचं काही कौतुक वाटत नाही. समोरच्याने काय माती खाल्ली, किकरचा पाय कसा चालला, नाणं कसं पडलं, हे सगळं त्यात एकाच माणसाच्या खात्यावर जमा होतं. क्वार्टरबॅकचं स्वतःचं त्यात किती, ते ती यादी सांगतच नाही.

भारतातल्या मित्रांसाठी दोन ओळी. क्वार्टरबॅक म्हणजे ज्याच्या हातातून जवळपास प्रत्येक चाल सुरू होते तो. टचडाउनचे 6, त्यावर साधी किक मारली तर 1, नाहीतर पुन्हा एकदा बॉल गोललाइनपलीकडे नेला तर 2. फील्ड गोलचे 3. आणि मुख्य म्हणजे घड्याळ. पास खाली पडला की घड्याळ थांबतं, शेवटच्या मिनिटांत खेळाडू रेषेबाहेर गेला तरी थांबतं. पळणाऱ्याला मैदानातच पाडलं तर ते चालूच राहतं. म्हणून पुढे असलेल्याने बॉल घेऊन पळायचं आणि वेळ खायचा, मागे असलेल्याने पास टाकत सुटायचं. एवढं कळलं की पुढचं दुखणं कळेल.

5 फेब्रुवारी 2017, ह्यूस्टन. सुपर बोल, म्हणजे सीझनची फायनल. तिसऱ्या क्वार्टरच्या मध्यावर आम्ही 28-3 ने पुढे. आमचा क्वार्टरबॅक मॅट रायन आदल्याच रात्री सीझनचा एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू) ठरलेला. पुढे काय झालं ते जगाला ठाऊक आहे: बॉस्टनवाल्यांच्या न्यू इंग्लंडने ओळीने 31 पॉइंट केले, ओव्हरटाइममध्ये (बरोबरीनंतरच्या जादा वेळेत) 34-28 ने जिंकले आणि टॉम ब्रेडीचा पुतळा आणखी दोन मजले उंच झाला. पण मधल्या चाली एकेक करून बघा.

चौथा क्वार्टर, साडेआठ मिनिटं बाकी, आम्ही 28-12 ने पुढे. थर्ड डाउन (चारपैकी तिसरी चाल), हवं फक्त एक यार्ड. पळायचं सोडून पासची चाल आली. आमचा रनिंग बॅक (बॉल घेऊन पळणारा) फ्रीमनकडून ब्लॉक हुकला, न्यू इंग्लंडचा हायटॉवर थेट रायनच्या अंगावर आला आणि बॉल सुटून त्यांना मिळाला. ब्रेडी तेव्हा कुठे होता? साइडलाइनला.

त्यानंतर 28-20. आता आमच्या ज्युलिओ जोन्सने साइडलाइनला जो कॅच घेतला तो मला अजूनही यूट्यूबवर बघवत नाही. दोन्ही पायांची बोटं जेमतेम आत, अंगावर डिफेंडर, आणि बॉल हातात असा बसला जणू तिथे ठेवूनच गेला होता कोणी. बॉल न्यू इंग्लंडच्या 22 यार्डवर, पाचेक मिनिटं बाकी. इथून काही करू नका. अक्षरशः काही करू नका. तीनदा पळा, पडा, आणि आमच्या किकरला, मॅट ब्रायंटला, चाळीसेक यार्डांची किक मारू द्या. 31-20. मग ब्रेडीला दोनदा स्कोअर करावा लागला असता. आम्ही काय केलं? एक रन, एक यार्ड तोटा. मग पासची चाल, सॅक (पास टाकण्याआधीच रायनला पाडलं), 12 यार्ड तोटा. मग पुन्हा पास, त्यावर होल्डिंगची (समोरच्याला धरून ठेवल्याची) पेनल्टी, आणखी 10 यार्ड मागे. बॉल किकच्या टप्प्याबाहेर गेला आणि पंट करावा लागला, म्हणजे लांब किक मारून बॉल त्यांना देऊन टाकावा लागला. या चाली बोलावणारा काइल शॅनहन नंतर सॅन फ्रान्सिस्कोचा हेड कोच झाला, आणि माहोम्सविरुद्धचे दोन सुपर बोल (2020 आणि 2024) पुढे असताना हरला. माहोम्सच्या भक्तांनी हेही नोंदवून ठेवावं.

त्यानंतरच्या 91 यार्डांच्या ड्राइव्हमधला (ड्राइव्ह म्हणजे बॉल हातात असताना ओळीने केलेल्या चाली) न्यू इंग्लंडच्या एडलमनचा कॅच सगळ्यांनी बघितलाय. बॉल जमिनीपासून दोन-चार बोटं वर, तीन फाल्कन्सच्या गराड्यात. तो बॉल मुळात आमच्या रॉबर्ट अल्फर्डच्या हाताला लागून उडाला होता. याच अल्फर्डने पहिल्या हाफमध्ये ब्रेडीचा पास पकडून 82 यार्ड पळत टचडाउन केला होता. म्हणजे ज्या खड्ड्यातून वर आल्याबद्दल ब्रेडीची आरती होते, त्यातले सहा-सात पॉइंट त्यानेच खणले होते. यादीत हे वजा होत नाही.

आता आकडे. ब्रेडी: 62 पैकी 43 पास, 466 यार्ड, 2 टचडाउन, 1 इंटरसेप्शन (समोरच्याने पळवलेला पास). रायन: 23 पैकी 17, 284 यार्ड, 2 टचडाउन, इंटरसेप्शन शून्य. दर पासमागे कोण भारी, हे शाळकरी पोरगंही सांगेल. पण न्यू इंग्लंडने त्या दिवशी 93 चाली खेळल्या आणि आम्ही 46. आमचा डिफेन्स जवळजवळ सगळी मॅच मैदानावरच होता; शेवटी त्यांच्या मांड्यांत जीव उरला नव्हता. ओव्हरटाइमला टॉस त्यांनी जिंकला, पहिल्याच ड्राइव्हमध्ये टचडाउन केला, आणि तेव्हाच्या नियमाने मॅच तिथेच संपली. एमव्हीपीने ओव्हरटाइममध्ये बॉलला हातही लावला नाही.

'मग काय, सगळं नशीबच?' असं नाही. ते पुढे सांगतो. आधी यादीचा हिशेब कसा चालतो ते बघा, कारण ब्रेडीवरही त्यात अन्याय आहे.

ॲरिझोनातलं ग्लेंडेल, तेच स्टेडियम, दोन सुपर बोल. फेब्रुवारी 2008: न्यू इंग्लंडने सीझनच्या 18 पैकी 18 मॅच जिंकलेल्या, पण न्यूयॉर्कच्या जायंट्सविरुद्ध मागे. 2 मिनिटं 42 सेकंद असताना ब्रेडीने रँडी मॉसला टचडाउन पास दिला, 14-10. त्याचं काम संपलं, तो बेंचवर. मग जायंट्सच्या ईलाय मॅनिंगचा एक पास न्यू इंग्लंडच्या असांते सॅम्युएलच्या हातांना लागून निसटला. तो पकडला असता तर मॅच खलास. पुढच्याच चालीत जायंट्सच्या डेव्हिड टायरीने बॉल हेल्मेटवर दाबून धरला, आणि जायंट्स 17-14. फेब्रुवारी 2015: सिॲटलविरुद्ध 10 पॉइंटनी मागे पडून ब्रेडीने 2 मिनिटं 2 सेकंद असताना एडलमनला टचडाउन पास दिला, 28-24. पुन्हा बेंचवर. सिॲटल एक यार्डवर येऊन ठेपलं, आणि ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) कोणी न घेतलेला न्यू इंग्लंडचा माल्कम बटलर नावाचा नवखा पोरगा मध्ये घुसला नि रसेल विल्सनचा पास घेऊन गेला.

दोन्ही वेळा ब्रेडीने एकच काम केलं. एकदा सॅम्युएलच्या हातातून बॉल सुटला म्हणून यादीत भोपळा, एकदा बटलरच्या हातात बसला म्हणून अजरामर. बटलरचा पाय घसरला असता तर आज आपण विल्सनच्या थंड डोक्यावर पोस्टी वाचत असतो.

23 जानेवारी 2022 चा रविवार तर या विषयाचं पाठ्यपुस्तकच आहे. दुपारी टँपात ब्रेडीची नवी टीम लॉस एंजेलिसच्या रॅम्सविरुद्ध 27-3 ने मागे होती (आकडा बघून आमच्या पोटात गोळा आला), तिथून 27-27 केलं. पण 42 सेकंद उरली होती. तेवढ्यात रॅम्सच्या स्टॅफर्डने कूपर कपला लांब पास टाकला आणि रॅम्स 30-27 जिंकले. 24 पॉइंटांची पिछाडी भरून काढलेला माणूस यादीत नाही, विजय स्टॅफर्डच्या नावावर. संध्याकाळी कॅन्सस सिटीत बफेलोच्या जॉश ॲलनने शेवटच्या दोन मिनिटांत दोनदा टीमला पुढे नेलं, दुसऱ्यांदा तर अवघी 13 सेकंद असताना. त्या 13 सेकंदांत कॅन्सस सिटीच्या माहोम्सने दोन पास टाकले, किकर बटकरने 49 यार्डांची किक मारून बरोबरी केली, टॉसही त्यांनी जिंकला आणि मॅच 42-36. ॲलनच्या वाट्याला ओव्हरटाइममध्ये एकही चाल आली नाही. त्यानंतर प्लेऑफपुरता (बाद फेरीपुरता), आणि 2025 मध्ये सगळ्याच मॅचसाठी, नियम बदलला, आता दोघांनाही बॉल मिळतो. 2017 साली आमच्यासाठी कोणी बदलला नव्हता, असो.

पक्षपात नको म्हणून रायनचंही सांगतो, त्यालाही फुकटचं मिळालंय. जानेवारी 2013, जॉर्जिया डोम, सिॲटलविरुद्ध प्लेऑफ. चौथ्या क्वार्टरला 27-7 ने पुढे, आणि 31 सेकंद राहिली तेव्हा 28-27 ने मागे. रायनने दोन सुरेख पास टाकले आणि ब्रायंट 49 यार्डांच्या किकला उभा राहिला. त्याची पहिली किक बाहेर गेली होती! पण सिॲटलच्या पीट कॅरलने त्याला बिचकवायला ऐनवेळी टाइमआउट घेतला होता, म्हणून ती धरलीच नाही. दुसरी आत. रायनच्या यादीत एक वाढला. कॅरलने हात खिशात ठेवले असते तर?

आणि हाच रायन 17 डिसेंबर 2022 ला इंडियानापोलिसकडून खेळत होता, जेव्हा हाफटाइमला 33-0 ने पुढे असलेली त्याची टीम मिनेसोटाकडून 39-36 ने हरली. एनएफएलमधला सगळ्यात मोठा कमबॅक. त्याआधीचा विक्रम फ्रँक राइकचा. जानेवारी 1993 मध्ये जखमी जिम केलीच्या जागी उतरून त्याने बफेलोला ह्यूस्टनविरुद्ध 35-3 वरून 41-38 ने जिंकून दिलं होतं. आणि 2022 मध्ये इंडियानापोलिसचा कोच कोण होता? फ्रँक राइकच. नोव्हेंबरात त्याला काढून टाकलं, दीड महिनाही झाला नाही तोवर हे. असली गोष्ट एकताच्या सीरियलमध्येही कोणी खपवून घेतली नसती.

त्या वर्षी मिनेसोटाचा कर्क कझिन्स यादीचा राजा होता. आठ किंवा कमी पॉइंटच्या फरकाने संपलेल्या अकराच्या अकरा मॅच त्यांनी जिंकल्या. 13 विजय, 4 पराभव, आणि सीझनभरात केलेले पॉइंट खाल्लेल्यांपेक्षा तीनने कमी! मग प्लेऑफमध्ये जायंट्सविरुद्ध 31-24 ने मागे, फोर्थ डाउन (शेवटची चाल), हवे 8 यार्ड. कझिन्सने पास दिला तीन यार्डांवर. संपलं.

आम्ही अटलांटावाल्यांनी यातून काही शिकावं? 2024 मध्ये त्यालाच चार वर्षांसाठी 18 कोटी डॉलरचा करार दिला. सप्टेंबरात फिलाडेल्फियाला त्याने एक मिनिटात 70 यार्ड जाऊन हरवलंदेखील, 22-21. सगळे नाचले, मीही नाचलो. पण त्याआधी फिलाडेल्फियाच्या सॅक्वॉन बार्कलीने हातात आलेला सोपा पास सोडला नसता तर आम्हाला बॉलच मिळाला नसता. डिसेंबरात कझिन्स बेंचवर होता.

आता क्वार्टरबॅकचं खरं काय? माझ्या मते, आधीचं डोक्यातून काढून टाकणं आणि घड्याळ पोटात असणं. अल्फर्डने पास पळवल्यावरही ब्रेडी तेच अवघड पास टाकत राहिला, हात आखडला नाही. 2020 च्या सुपर बोलमध्ये थर्ड डाउनला 15 यार्ड हवे असताना माहोम्स मागे, मागे, आणखी मागे सरकत गेला आणि हिलला 44 यार्डांचा पास दिला. तो धीर कोणी शिकवत नाही. जानेवारी 1989 मध्ये मायामीत सिनसिनाटीविरुद्ध मॉन्टानाने 92 यार्डांत घाई केलीच नाही. 34 सेकंद राखून टेलरला पास, 20-16. पण ही माणसं पहिल्या क्वार्टरलाही अशीच खेळतात. चौथ्यात त्यांच्यात वेगळा देव संचारतो यावर माझा विश्वास नाही. वानखेडेवर 2011 ला धोनीचा षटकार सगळ्यांना आठवतो आणि गंभीरचे 97 आठवायला लागतात, त्यातलाच प्रकार.

कमेंटमध्ये आता डेन्व्हरचा क्वार्टरबॅक एलवे घेऊन येतील, म्हणून आधीच सांगतो. जानेवारी 1987, क्लीव्हलँड, थंडीत स्वतःच्या 2 यार्डवरून 98 यार्ड, घोंगावणारं परकं स्टेडियम. मान्य, ते 98 त्याचेच, माझी टोपी उडाली. पण त्याने फक्त बरोबरी झाली होती, 20-20. ओव्हरटाइमला बॉल आधी क्लीव्हलँडकडे गेला. डेन्व्हरच्या डिफेन्सने त्यांना अडवलं नसतं, आणि मग कार्लिसची 33 यार्डांची किक आत गेली नसती, तर त्या ड्राइव्हला आज कोण विचारत होतं? त्या डिफेन्समधली दोन नावं न बघता सांगा, मग पुढे बोलू.