पावसाचा अंदाज आणि कुरणातल्या गायी

हंगामी अंदाज चुकतो, म्हणून चराई ठरवताना त्याचा उपयोग नाही, हे मत मी अनेक पशुपालकांकडून ऐकले आहे. त्यांचा अनुभव खोटा नाही. मात्र अमुक कुरणावर अमुक दिवशी पाऊस पडेल असे हा अंदाज सांगतच नाही. पारडे कुठे झुकले आहे, एवढेच तो सांगतो. एरवी कमी, साधारण आणि जास्त पावसाची शक्यता प्रत्येकी ३३ टक्के धरतात. त्यातली कमी पावसाची शक्यता ५० टक्क्यांवर गेली, तरी पाऊस बरा होण्याची शक्यता तेवढीच उरते. इतक्या अनिश्चित माहितीवर जनावरे कमी करावीत का? माझ्या मते करावीत, आणि त्याचे कारण गवताच्या हिशेबात आहे.

समजा, कोरड्या वजनाने ४० टन गवत उभे आहे आणि मुळे जगावीत म्हणून त्यातले निम्मे राखायचे आहे. ४०० किलो वजनाची गाय दिवसाला साधारण १० किलो कोरडा चारा खाते, म्हणजे ३० गायींना उरलेले २० टन जेमतेम ६६ दिवस पुरतील. पुढचे १०० दिवस नवे गवत फुटणार नसेल, तर पहिल्याच दिवशी १० गायी हलवल्या की भागते. तोच निर्णय ५०व्या दिवसापर्यंत लांबवला, तर शिल्लक ५ टनांवर फक्त १० गायी निभावतात आणि २० हलवाव्या लागतात. तोवर त्यांच्या बरगड्या दिसू लागलेल्या असतात आणि सगळेच विकायला निघाल्यामुळे भावही पडलेला असतो.

शिवाय गायी कमी केल्यावर पाऊस चांगला झाला, तर थोडे उत्पन्न बुडते, पण कुरण दाट होते. गायी तशाच ठेवल्या आणि पाऊस ओढ देऊन गेला, तर बुडख्यापर्यंत खुडलेले गवत पुढच्या चांगल्या पावसातही लवकर उठत नाही आणि उघडी पडलेली माती वाहून जाते. या दोन चुका मी एका मापाने मोजू शकत नाही.

केनियातल्या मार्साबित भागात २०१० साली उपग्रहाला दिसणाऱ्या हिरवळीवर आधारलेला पशुविमा सुरू झाला. आधी त्याची भरपाई नुकसान झाल्यानंतर मिळत असे. पुढे रचना बदलून ती आधीच देण्याची सोय झाली, म्हणजे जनावर जिवंत असतानाच चारा विकत घेता येतो. हा बदल मला फार मोलाचा वाटतो.

म्हणून माझा आग्रह तारखेचा आहे. अमुक तारखेपर्यंत पर्जन्यमापकात इतका पाऊस भरला नाही, तर आधी भाकड आणि वयस्कर गायी निघतील, गाभण गायी राहतील, हे हंगाम सुरू होण्यापूर्वीच, मन शांत असताना, वहीत लिहून ठेवावे.