‘आधी पार्किंग बांधा, मग बोला’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

पुण्याच्या बाणेर-बालेवाडीतल्या हॉटेलांसमोरच्या गाड्यांच्या गर्दीवरचा, टेबलं लवकर मोकळी करा असं सांगणारा माझा लेख तुम्हाला पटला नाही, आणि का पटला नाही हे तुम्ही मुद्देसूद लिहिलंत, त्याबद्दल आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : लेखात हॉटेलवाल्यांना झोडपलं आणि महापालिकेला मोकळं सोडलं. खरा उपाय बहुमजली पार्किंग, आणि ते होईपर्यंत व्हॅले, म्हणजे दाराशी किल्ली घेऊन हॉटेलच्या माणसाने गाडी लावून येणं. शनिवार-रविवारच्या दोन-तीन तासांसाठी सगळ्यांना जखडणं अन्यायाचं. शिवाय एक टोला : ‘गिऱ्हाइकाला टेबलावरून लवकर उठवा म्हणणारा माणूस सहकुटुंब जेवायला कधी बाहेर पडलेला दिसत नाही.’

टोला झकास आहे. सुरुवात तिथूनच करतो, कारण गोम तिथेच आहे.

समजा, हॉटेलात २० टेबलं आहेत. मंडळी बसल्यापासून टेबल पुसून पुन्हा तयार होईपर्यंत ७५ मिनिटं जातात, म्हणजे तासाला १६ कुटुंबांची सोय होते. शनिवारी रात्री आठ वाजता सगळी टेबलं भरलेली आहेत आणि पुढचे दोन तास दर तासाला २२ कुटुंबं येत आहेत. तासाला सहा कुटुंबं उरतात, दहा वाजता दारात १२ कुटुंबं उभी असतात आणि शेवटच्याला ४५ मिनिटं थांबावं लागतं. दर आठ कुटुंबांतली पाच चारचाकीने आली असं धरू. आत जेवणाऱ्यांच्या गाड्या साडेबारा, म्हणजे बारा-तेरा. टेबलं भरलेली आहेत तोवर हा आकडा हलत नाही. पण बाहेर ताटकळणाऱ्यांच्या आणखी सात-आठ गाड्या असतात. एकूण वीस. यातल्या सात-आठ गाड्यांमधली माणसं अजून पाणीसुद्धा प्यायलेली नाहीत. हॉटेलला त्यांच्याकडून दमडी मिळालेली नाही, तरी रस्ता अडलेला आहे.

आता टेबलाचा वेळ ७५ वरून ६५ मिनिटांवर आणा. तासाला साधारण साडेअठरा कुटुंबं बसतात. दहा वाजता रांगेत १२ ऐवजी सात, थांबणं ४५ ऐवजी २३ मिनिटं, आणि बाहेरच्या गाड्या सात-आठऐवजी चार-पाच. एकही जागा न बांधता तीन गाड्यांची जागा मोकळी झाली. अशी दहा हॉटेलं एका रस्त्यावर असली तर तीस. तीस गाड्यांचा वाहनतळ कुठलीही महापालिका एका आठवड्यात उभा करू शकत नाही.

आणि ही दहा मिनिटं जेवणातून कापायची नाहीत. गुलाबजाम निवांत खा. ती दहा मिनिटं बिलात अडकलेली असतात. ‘बिल आणा’ म्हटल्यावर वेटर कॅप्टनला सांगतो, कॅप्टन काउंटरला, काउंटरवर आधीची चार बिलं असतात, छापलेलं बिल बडीशेपेच्या वाटीसोबत येतं, मग कार्डाचं मशीन शोधायचं आणि ते दुसऱ्या टेबलावर असतं. यात सहज बारा-पंधरा मिनिटं जातात. बिलावरच क्यूआर छापला, मशीन बिलाबरोबरच टेबलावर आणलं आणि गोडाची ऑर्डर घेतानाच बिल तयार ठेवलं, तर हे चार-पाच मिनिटांत उरकतं. त्यातून दहा भरली नाहीत तर आणखी चार मिनिटं सुरुवातीला मिळतात : रांगेतल्या पुढच्या तीन कुटुंबांच्या हातात मेनू द्यायचा आणि सूप-स्टार्टरची ऑर्डर बाहेरच घ्यायची. इथे एक जपायचं. टेबल खरंच पाच मिनिटांत मिळणार असेल तरच ऑर्डर आत पाठवायची, नाहीतर तंदुरी पनीर गार होतं आणि भांडण गरम.

पेठांमधल्या थाळीच्या खानावळींत टेबलामागे खुर्चीला खेटून उभं राहायची पद्धत होती, तिची मी वकिली करत नाही. मात्र तिथे थाळी अर्ध्या-पाऊण तासात उरकायची आणि बहुतेक मंडळी पायी यायची. मद्यालयात किंवा बफेत माणूस दोन-अडीच तास बसतो. म्हणजे टेबलं तेवढीच असली, तरी रांग लागली की ती थाळीपेक्षा तिपटी-चौपटीने सावकाश सरकते. बोलताना मात्र आपण दोन्हींना ‘हॉटेल’च म्हणतो.

महापालिकेचा मुद्दा. इथे तुमचं बरंचसं बरोबर आहे आणि लेखात ते तोकडं आलं. बाणेर-बालेवाडी १९९७ साली पालिकेत आलं. त्यानंतर तिथे ज्या इमारती उभ्या राहिल्या, त्यांतल्या कित्येकांच्या तळमजल्यावर गाळे आणि वर फ्लॅट. राज्याची एकत्रित विकास नियमावली डिसेंबर २०२० मध्ये आली. तिच्यात दुकान, कार्यालय, उपाहारगृह यांच्या पार्किंगचं प्रमाण वेगवेगळं आहे, आणि ते तसं असायलाच हवं. १०० चौरस मीटरच्या गाळ्यात कपड्यांचं दुकान असेल तर एका वेळी पाच-सात गिऱ्हाइकं. त्याच गाळ्यात हॉटेल आलं की स्वयंपाकघर, भांडी आणि काउंटरला ४० चौरस मीटर सोडूनही, माणशी दीड चौरस मीटरने ४० जण बसतात. नकाशा ‘दुकान’ म्हणून मंजूर, वापर हॉटेलचा, आणि पार्किंग पहिल्या हिशोबाचं. वापर बदलताना मंजूर नकाशा समोर ठेवून पार्किंग मोजणं हे पालिकेचं काम. ते होत नाही तिथे दोष पालिकेचाच, यात वाद नाही.

पण पुढची पायरी हॉटेलवालाच चढतो. समोरच्या मोकळ्या जागेवर, म्हणजे फ्रंट मार्जिनमध्ये, पत्र्याची शेड टाकून टेबलं लावतो. नियमाप्रमाणे मोटारीची एक जागा अडीच मीटर बाय पाच मीटर. अशा दोन जागा गिळल्या की २५ चौरस मीटर मिळतात. त्यात चार टेबलं बसतात आणि चार टेबलांमागे वरच्याच हिशोबाने अडीच गाड्या येतात. दोन जागा गेल्या, अडीच गाड्या वाढल्या, साडेचार गाड्या रस्त्यावर. बाजूच्या मार्जिनमध्ये हेच केलं तर अग्निशमनाच्या बंबाची वाट बंद होते, आणि तो प्रश्न पार्किंगचा राहत नाही.

बहुमजली पार्किंगबद्दल. रॅम्पच्या इमारतीत येण्याजाण्याचे मार्ग धरून एका मोटारीला २५ ते ३० चौरस मीटर लागतात. शंभर गाड्यांना तीन हजारांपर्यंत. जागा महाग म्हणून लोक यांत्रिक पार्किंगकडे वळतात, आणि तिथे वेळेचं गणित फसतं. एका लिफ्टला गाडी बाहेर काढायला दोन मिनिटं धरा, म्हणजे तासाला ३० गाड्या. कार्यालयांसाठी हे चालतं, कारण लोक तासा-दोन तासांत विखरून निघतात. हॉटेलांची मंडळी साडेदहाला एकदम उठतात. चाळीस गाड्या मागितल्या तर शेवटच्याला ऐंशी मिनिटं, कडेवर झोपलेलं पोर घेऊन. तो पुढच्या शनिवारी तिथे गाडी लावणार नाही.

दुसरं, समोरचा रस्ता फुकट असेल तर पैसे देऊन तिसऱ्या मजल्यावर कोण जाईल? मंडईजवळचे मिनर्वा आणि आर्यन हे वाहनतळ चालतात, कारण तिथे रस्त्याकडेला जागा मिळणं जवळजवळ अशक्य आहे. पुण्याचं पार्किंग धोरण मार्च २०१८ मध्ये मुख्य सभेत मंजूर झालं, प्रायोगिक म्हणून पाच रस्ते ठरले, विरोध झाला आणि गाडं अडकलं. रस्त्याकडेच्या जागेला संध्याकाळी सात ते अकरा दर लावल्याशिवाय बांधलेला वाहनतळ रिकामाच राहील. ‘आधी पार्किंग बांधा’ हा क्रम म्हणून मला उलटा वाटतो.

व्हॅलेवर तुमचा भरवसा आहे, तर तोही मोजू. समजा, गाडी लावायची जागा ४०० मीटर अंतरावर आहे. गाडी नेऊन लावायला तीन मिनिटं, चालत परत यायला पाच. आणतानाही तेच उलट. एका फेरीला आठ मिनिटं. आपल्या हॉटेलात तासाला १४ गाड्या येतात, दहा जातात, एकूण २४ फेऱ्या, १९२ मिनिटांचं काम. म्हणजे दम न खाता तीनाहून जास्त माणसं, व्यवहारात चार. बहुतेक ठिकाणी असतात दोन. ते तासाला पंधरा फेऱ्या करतात, आणि उरलेल्या नऊ गाड्या कोपऱ्यावर, सोसायटीच्या फाटकात किंवा पदपथावर चढतात. हा व्हॅलेवरच्या मुलांचा आळस नाही, फेऱ्यांचं गणितच बसत नाही. त्यांना परत आणायला एक स्कूटरवाला दिला तर फेरी पाच मिनिटांवर येते आणि दोन चालकांत भागतं. दाराशी उतरण्या-चढण्यासाठी तीन गाड्यांची, म्हणजे १८ मीटर जागा राखून ठेवायची. एकाच गाडीची असेल तर दुसरी गाडी आली की मागचा अख्खा रस्ता थांबतो.

आणि टोकनामागे ‘गाडीमालकाच्या जबाबदारीवर’ छापल्याने सुटका होत नाही. दिल्लीतल्या एका पंचतारांकित हॉटेलच्या व्हॅलेतून १९९८ साली चोरीला गेलेल्या मोटारीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये हॉटेललाच जबाबदार धरलं. किल्ली घेतली की गाडीची निगा आली. म्हणून गाडी घेताना चारही बाजूंचे फोटो, किलोमीटरचा आकडा आणि कुलूपबंद किल्ल्यांचा बोर्ड, एवढं किमान हवं.

‘दोन-तीन तासांसाठी कशाला’ हा तुमचा सगळ्यात चांगला मुद्दा. त्याचा शेवट मात्र मी वेगळ्या दिशेला नेईन. दोन-तीन तासांसाठी नवीन काही बांधू नये, हे खरंच. बाणेर-बालेवाडीत कार्यालयांची तळघरं शनिवारी संध्याकाळी ओस असतात. चार-पाच हॉटेलांनी मिळून एक तळघर सात ते पावणेबारा भाड्याने घ्यायचं. घोडं अडतं ते किरकोळ गोष्टींवर : दिव्यांचं बिल कुणी भरायचं, बाराला फाटक लावताना एक गाडी उरली तर काय, लिफ्टने लोक वरच्या मजल्यांवर गेले तर. उपाय साधे आहेत. वीज ठोक रकमेत धरायची, वरच्या मजल्यांच्या लिफ्ट आणि जिने बंद ठेवायचे, एक रखवालदार रॅम्पवर आणि एक आत. उरलेल्या गाडीला रात्रीचं शुल्क, आणि ते प्रवेशाच्या पावतीवर मोठ्या अक्षरांत. तिसऱ्या पक्षाच्या नुकसानीचा विमा हॉटेलांनी काढायचा, इमारतीने नाही. हा करार हॉटेलांच्या गटाने करावा. एकट्याने केला की शेजारचा फुकटात फायदा घेतो आणि तीन महिन्यांत करार मोडतो.

तुमच्या प्रतिक्रियेतली एक ओळ वाचून मला माझ्या लेखातली चूक दिसली. तुम्ही विचारलंत, ‘हॉटेलात काम करणाऱ्यांनी गाड्या कुठे लावायच्या?’ ते मी धरलंच नव्हतं. पंचवीस जणांचा स्टाफ असेल तर पंधरा-वीस दुचाकी सकाळी अकरापासून सर्वांत जवळच्या जागा धरतात आणि रात्री बारापर्यंत हलत नाहीत. रस्त्याकडेला समांतर लावलेली एक मोटार सहा मीटर लांबी खाते आणि तेवढ्यात सहा दुचाकी बसतात. म्हणजे स्टाफच्या १८ दुचाकींनी तीन मोटारींची जागा दिवसभर धरली. त्यांना जागा द्यायलाच हवी, फक्त दारासमोरची नको.

डिलिव्हरीवाल्यांना दोष देणारी तुमची ओळ मात्र अर्धीच बरोबर. तासाला ३० ऑर्डरी आणि प्रत्येकाला १२ मिनिटं थांबावं लागत असेल तर दारात सहा बाइक. स्वयंपाकघर मागे पडून तेच २४ मिनिटं झालं की बारा. बाइक वाढलेल्या नाहीत, वाट पाहणं वाढलेलं आहे. रांगेच्या वेळी अॅपवरच्या ऑर्डरी अर्धा तास बंद ठेवणं मालकाच्या हातात असतं.

सोसायटीच्या फाटकासमोर गाडी लागली तर काय, हे तुम्ही शेवटी विचारलंय. नो पार्किंगचा दंड पहिल्यांदा ५०० रुपये, पुन्हा सापडल्यास १५००, टोईंगचे वेगळे. ‘फक्त आमच्या ग्राहकांसाठी’ हा हॉटेलचा फलक सार्वजनिक रस्त्यावर निरर्थक आहे, आणि सोसायटीने रस्त्यात ठेवलेल्या कुंड्याही तितक्याच. फाटकाच्या दोन्ही बाजूंना आपल्या हद्दीत खांब लावता येतात. दोन खांबांत सव्वा मीटर अंतर ठेवा. व्हीलचेअर जाते, मोटार जात नाही.

माझ्या आकड्यांवर तुमचा विश्वास नसेल तर पुढच्या शनिवारी स्वतः मोजा. आठ ते साडेदहा, तुमच्याच गल्लीचा एक बाजूचा शंभर मीटरचा पट्टा. दर पंधरा मिनिटांनी एक फेरी, आणि प्रत्येक गाडीच्या नंबरचे शेवटचे चार आकडे लिहायचे. एकूण अकरा फेऱ्या. एकच नंबर सलग नऊ किंवा जास्त फेऱ्यांत दिसला तर ती गाडी निदान दोन तास उभी आहे. अशा गाड्यांपैकी किती जेवणाऱ्यांच्या, किती स्टाफच्या आणि किती वरच्या फ्लॅटमधल्या दुसऱ्या मोटारी, ते रखवालदाराला विचारून वेगळं करा. फ्लॅटवाल्यांचा आकडा बघून हॉटेलवालेही चकित होतात. वही इथे टाका, पुढचं त्यावरून बोलू.