सगळ्या धर्मांत १०८ मणी? मोजून पाहू

एक मजकूर सतत पुढे ढकलला जातो : "जगातल्या प्रत्येक धर्मात जपमाळ आहे आणि तिचे मणी १०८च असतात. कारण सूर्य पृथ्वीपासून स्वतःच्या व्यासाच्या बरोबर १०८ पट दूर आहे. मेरुमणी ओलांडायचा नाही, तर्जनी लावायची नाही, हे नियमही सगळीकडे सारखेच. मंत्र कुठलाही असो, हेतू एकच, मन रिकामं करणं." एकेक विधान घेऊ.

"मणी १०८च." हिंदू, बौद्ध आणि जैन माळांपुरतं हे बऱ्यापैकी खरं आहे. (तिथेही २७ आणि ५४ मण्यांच्या माळा चालतात, चार किंवा दोन फेऱ्या केल्या की हिशेब जुळतो.) त्यापलीकडे नाही.

कॅथलिक रोजरी हातात घ्या. क्रूसाला लागून लोंबणाऱ्या भागात एक मोठा, तीन लहान, पुन्हा एक मोठा असे ५ मणी. मग जोडाचं पदक. तिथून निघणाऱ्या कड्यात दहा-दहा लहान मण्यांचे पाच गट आणि त्यांच्यामध्ये चार मोठे मणी, म्हणजे ५४. एकूण ५९. मोठ्या मण्यावर प्रभूची प्रार्थना, लहान मण्यावर हेल मेरी, म्हणजे येशूच्या आईची, मरियेची प्रार्थना. पूर्वी पूर्ण रोजरीच्या तीन फेऱ्यांत गटांमधल्या हेल मेरी १५० होत, बायबलमधल्या १५० स्तोत्रांइतक्या. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्यासाठी हाच स्तोत्रपाठ होता.

तस्बीहचा, म्हणजे मुसलमानांच्या जपमाळेचा आकडाही पाठातूनच आला. नमाजानंतर ३३ वेळा सुब्हानअल्लाह, ३३ वेळा अल्हम्दुलिल्लाह, ३४ वेळा अल्लाहु अकबर. किंवा तिसरंही ३३ वेळा आणि शंभरावं वेगळं वाक्य. म्हणून माळ ३३ किंवा ९९ मण्यांची. ९९च्या माळेत दर ३३ मण्यांनंतर वेगळ्या आकाराचा एक मणी असतो. तो मोजायचा नाही. शब्द बदलायची वेळ झाली हे बोटाला न बघता कळावं एवढंच त्याचं काम. नवशिका नेमका तोच मोजतो आणि पुढचा हिशेब सरकतो. शिवाय कित्येक मुसलमान माळ वापरतच नाहीत, उजव्या हाताच्या बोटांवर मोजतात.

ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती साधूंकडे सहसा मणी नसून लोकरीच्या दोरीला मारलेल्या गाठी असतात : ३३, ५० किंवा १००. बहाई धर्मात रोज 'अल्लाहु अब्हा' ९५ वेळा म्हणायचं असतं, म्हणून ९५ मणी, किंवा १९ मण्यांच्या पाच फेऱ्या. आणि ज्यूंकडे जपमाळच नाही. त्यांच्या प्रार्थनेच्या शालीच्या प्रत्येक कोपऱ्याला पाच दुहेरी गाठींची झालर असते खरी, पण ती जप मोजायला नसते. आज्ञांची आठवण राहावी म्हणून असते.

गंमत म्हणजे १०८ मणी असूनही १०८ मोजत नाहीत, असंही आहे. तिबेटी साधक एक फेरी १०० धरतात; वरचे ८ उच्चारातल्या चुका आणि गळतीपोटी सोडतात. माळेला दहा-दहा कड्यांच्या दोन छोट्या दोऱ्या बांधलेल्या असतात. एक फेरी झाली की पहिल्या दोरीतलं एक कडं सरकवायचं, ती दहा भरली की दुसरीतलं एक. दुसरी भरली म्हणजे १०,००० झाले. पूर्वसाधनेत एकेका पाठाची लाख आवर्तनं करायची असतात, तेव्हा ही सोय लागतेच. जैनांचा १०८ तर चक्क बेरीज आहे : अरिहंतांचे १२ गुण, सिद्धांचे ८, आचार्यांचे ३६, उपाध्यायांचे २५, साधूंचे २७.

"सूर्याचं अंतर बरोबर १०८ पट." सरासरी अंतर १४.९६ कोटी किलोमीटर, सूर्याचा व्यास सुमारे १३.९३ लाख. भागाकार १०७.४. तोही स्थिर नाही : जानेवारीच्या सुरुवातीला, पृथ्वी सर्वांत जवळ असताना, साधारण १०५.६ आणि जुलैत १०९.२. चंद्राचं अंतर त्याच्या व्यासाने भागलं तर सरासरी आकडा ११०च्या वर जातो. आकडा १०८च्या आसपास आहे, एवढंच म्हणता येईल.

"मेरुमणी ओलांडायचा नाही." हिंदू आणि तिबेटी पद्धतीत बरोबर : मेरूपाशी आलं की माळ उलटी फिरवायची आणि शेवटच्या मण्यापासून परत निघायचं. रोजरीत तसं काही नाही. कडं पूर्ण झालं की पदकापाशी समारोपाची प्रार्थना. दुसरी फेरी करायची तर त्याच दिशेने पुढे. कुणी सवयीने रोजरी उलटी फिरवली तर पाप लागत नाही, गटांचा क्रमही बिघडत नाही.

"तर्जनी लावायची नाही." हा हिंदू जपाचा नियम. माळ मधल्या बोटावर, अंगठ्याने मणी आत ओढायचा, तर्जनी गोमुखीच्या (माळेसकट हात झाकणाऱ्या कापडी पिशवीच्या) भोकातून बाहेर. तिबेटी साधक मात्र माळ बहुधा डाव्या हातात, तर्जनीवरच धरतात आणि अंगठ्याने मणी ओढतात. एकाचा निषेध ही दुसऱ्याची रोजची रीत आहे.

"हेतू एकच, मन रिकामं करणं." मजकुरातलं सर्वांत निष्काळजी वाक्य हेच. तिबेटी जपात मंत्रासोबत देवतेचं रूप, रंग, आयुधांसह डोळ्यांपुढे उभं करायचं असतं. रोजरीत तर प्रत्येक दहा मण्यांना येशू-मरियेच्या आयुष्यातला एक प्रसंग नेमलेला आहे; या प्रसंगांना रहस्यं म्हणतात. सोमवारी आणि शनिवारी आनंदाची रहस्यं, मंगळवारी-शुक्रवारी दुःखाची, बुधवारी-रविवारी गौरवाची. गुरुवारची प्रकाशाची रहस्यं पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२मध्ये जोडली. त्यातल्या एका गटात तोंडाने हेल मेरी चालू असताना मनात काना गावचं लग्न उभं राहायला हवं, जिथे येशूने पाण्याचा द्राक्षारस केला : द्राक्षारस संपलेला, दगडी रांजण पाण्याने भरले जाताहेत. मन रिकामं ठेवून बसलात तर मणी सरकतील, रोजरी मात्र अर्धीच होईल.