सिम्युलेटर कुठे खोटं बोलतो, ते आधी सांगा

सिम्युलेटर इन्स्ट्रक्टर म्हणजे मागच्या खुर्चीत बसून एकामागून एक बिघाड देत राहणारा माणूस, असा समज बाहेर आहेच. नव्याने या कामात आलेल्यांचाही तो असतो. पण बिघाड देणं सोपं आहे. मागच्या टचस्क्रीनवर बोट टेकवलं की इंजिनाला आग लागते, पुन्हा टेकवलं की हायड्रॉलिक जातं. माझ्या मते इन्स्ट्रक्टरची खरी परीक्षा दुसरीकडे आहे: हे यंत्र कुठे खोटं बोलतं ते त्याला ठाऊक हवं आणि त्याने ते पायलटला सांगायला हवं. लेव्हल डी, म्हणजे सर्वात वरच्या दर्जाचा, सिम्युलेटर इतका हुबेहूब असतो की तो चुकतो तिथेही त्याच्यावर विश्वास बसतो.

आधी हालचालीचं बघा. केबिन सहा जॅकवर उभी असते आणि हे जॅक फार तर दीडेक मीटर लांब-आखूड होतात. मग धावपट्टीवर अर्धा मिनिट वाढत जाणारा वेग दाखवायचा कसा? पहिला धक्का केबिन पुढे सरकवून देतात. त्यानंतर ती अगदी सावकाश, कानातल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेला कळणार नाही अशा बेताने, नाक वर करून मागे झुकते. पाठ सीटला दाबली जाते, पडद्यावरचं क्षितिज सपाटच असतं, आणि मेंदू त्याचा अर्थ ‘आपण जोरात पुढे चाललोय’ असा लावतो. टेकऑफला ही युक्ती छान चालते.

गो-अराउंडला, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर जाताना, मात्र तीच महागात पडते. खऱ्या उड्डाणात शेवटी इंधन कमी झालेलं असतं, विमान हलकं असतं. पूर्ण थ्रस्ट (इंजिनाचा जोर) दिला की वेग झपाट्याने वाढतो आणि ढगात किंवा रात्री पायलटला वाटतं की नाक आहे त्यापेक्षा कितीतरी वर गेलंय. हात आपोआप नाक खाली दाबायला जातो. हा भ्रम सिम्युलेटरमध्ये फारच फिका उतरतो, कारण तो उभा करायला लागणारा सलग वेगवाढीचा जोर जॅककडे नाहीच. त्यामुळे सिम्युलेटरमधला नीटनेटका गो-अराउंड बघून मी निश्चिंत होणार नाही. पिच (नाकाचा वर-खाली कोन) डिस्प्लेवर वाचून पकडला का, दुसऱ्या पायलटने पिच आणि वेगातला फरक मोठ्याने सांगितला का, फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेच्या पट्ट्या) एक पायरी आत, पॉझिटिव्ह क्लाइंब (विमान चढतंय याची खात्री), गिअर अप (चाकं आत) हा क्रम टिकला का, हे बघा. आणि कृपा करून प्रत्येक गो-अराउंड एका इंजिनावर, मिनिमालाच (धावपट्टी दिसली नाही तर वर जायच्या ठरलेल्या उंचीलाच) देऊ नका. दोन्ही इंजिनं चालू असताना, दीड हजार फुटांवर, चढण थांबवायची उंची अगदी जवळ असताना एकदा देऊन पाहा. ऑटोपायलट लगेच उंची पकडायला लागतो, थ्रस्ट मागे घ्यायचा राहतो आणि वेग फ्लॅपची मर्यादा ओलांडतो. भलेभले इथे गडबडतात.

आता व्ही-वन कट, म्हणजे टेकऑफ थांबवण्याचा वेग ओलांडता-ओलांडता इंजिन बंद पडणं. इथे खोटं यंत्राचं नसतं, आपलं असतं. बिघाड नेमका कधी येणार हे प्रत्येकाला माहीत असतं, म्हणून रडरच्या (शेपटीवरच्या, नाक डावी-उजवीकडे वळवणाऱ्या पट्टीच्या) पेडलवर पाय आधीच ताठ. दचकणं नाही, की नेमकं काय झालं ते ओळखण्याची धडपड नाही. कधी तो दोनशे फुटांवर द्या, कधी देऊच नका. सेशनमध्ये एक साधा, काहीही न घडणारा टेकऑफ ठेवला की पायलटचा पाय काय करतो ते बघण्यासारखं असतं.

चुका ठरलेल्या असतात. चाकं जमिनीवर असताना दिलेला रडर रोटेशनला (नाक उचलून जमीन सोडताना) पुरत नाही, कारण टायरची पकड सुटते. तिथे थोडा जास्त लागतो आणि नेमका तिथेच पाय ढिला पडतो. मग पंख सपाट ठेवायला एलरॉन (पंखाच्या टोकाजवळचं, विमान कलंडवणारं नियंत्रण) वापरला जातो. तो मोठा दिला की बऱ्याच विमानांवर त्या बाजूचे स्पॉयलर (पंखावर उभ्या राहणाऱ्या पट्ट्या) उठतात, ड्रॅग (हवेचा अडथळा) वाढतो, आणि आधीच अपुरी असलेली चढण आणखी खाली येते. रोटेशन नेहमीच्या सेकंदाला ३ अंशांच्या चालीने केलं तर वेग व्ही-टूच्या (एका इंजिनावर सुरक्षित चढणीच्या किमान वेगाच्या) खाली घसरू शकतो. एका इंजिनावर ते जरा सावकाश हवं. ४०० फुटांच्या आत कोणतीही घाई नको. ४ फेब्रुवारी २०१५ ला तैपेईत ट्रान्सएशियाच्या २३५ क्रमांकाच्या एटीआर विमानात टेकऑफनंतर उजव्या इंजिनाची ताकद गेली आणि चालू असलेलं डावं बंद केलं गेलं. ४३ माणसं गेली. थ्रस्ट लिव्हरला हात लावून ‘कन्फर्म?’ विचारणं आणि दुसऱ्याने खरोखर बघून उत्तर देणं, यातलं दुसरं जास्त वेळा राहतं. न बघता ‘कन्फर्म’ म्हटलेलं दिसलं तर तो व्यायाम मी पुन्हा घ्यायला लावेन.

यंत्राच्या खोट्यामुळे चुकीची सवय लागते याचं ठळक उदाहरण म्हणजे १२ नोव्हेंबर २००१ ला न्यूयॉर्कमध्ये पडलेली अमेरिकन एअरलाइन्सची ५८७ क्रमांकाची फ्लाइट. पुढच्या विमानाने मागे सोडलेल्या भोवऱ्यात सापडल्यावर फर्स्ट ऑफिसरने रडर आलटून-पालटून इतका जोरात दिला की शेपटीचा उभा पंखच तुटला. २६५ मृत्यू. तपासात विमानाच्या रडर प्रणालीच्या रचनेबरोबर कंपनीच्या प्रशिक्षणावरही बोट ठेवलं गेलं. तिथल्या सिम्युलेटर व्यायामात विमान मोठ्या कोनात कलंडावं म्हणून नियंत्रणांचा परिणाम काही क्षण दाबून ठेवत. पायलट शिकणार काय? भोवऱ्यात एलरॉन पुरत नाही, रडर हवा. इन्स्ट्रक्टरने व्यायाम रंगतदार करायला टाकलेली प्रत्येक कळ अशी तपासायला हवी.

स्टॉलचंही, म्हणजे पंखांची उचल तुटण्याचंही, तेच होतं. स्टिक शेकर (स्टॉल जवळ आल्याचा इशारा म्हणून कंट्रोल थरथरवणारी यंत्रणा) वाजेपर्यंत सिम्युलेटरकडे भरवशाचा डेटा असायचा, त्यापुढे बराचसा अंदाज. वर गुण मिळायचे उंची कमीत कमी गमावल्याबद्दल, म्हणून पायलट नाक धरून ठेवून थ्रस्ट द्यायचे. २००९ च्या कोलगन ३४०७ आणि एअर फ्रान्स ४४७ या स्टॉलच्या अपघातांनंतर विचार बदलला. अमेरिकेत २०१९ पासून सुधारित सिम्युलेटरवर पूर्ण स्टॉल शिकवणं बंधनकारक झालं. आधी नाक खाली, उंचीचा हिशोब नंतर.

एक साधी गोष्ट, जी बरेच इन्स्ट्रक्टर विसरतात. वळणात असताना सिम्युलेटर फ्रीझ करू नका, म्हणजे जागीच थांबवू नका, पंख सपाट होऊ द्या. रिपोझिशन करताना (विमान एकदम दुसऱ्या जागी नेताना) पडदा काळा करा, नाहीतर डोळे मिटायला सांगा. चार तासांच्या सेशनच्या पहिल्या तासात पायलटला मळमळायला लागलं, तर पुढचे तीन तास तुम्ही फक्त त्याचं पोट तपासत असता.

फ्लेअरला (टेकण्याआधी नाक किंचित उचलण्याला) ग्रेड देतानाही जपून. पडदा डोळ्यांना सगळं खूप दूरचं वाटेल असा बनवलेला असतो, त्यामुळे जमिनीजवळच्या शेवटच्या काही फुटांचा अंदाज खऱ्यासारखा येत नाही. टेकताना दणका बसला म्हणून लगेच कमी गुण देऊ नका. धावपट्टीचं टोक किती उंचीवरून ओलांडलं, तीस फुटांवर खाली येण्याचा वेग किती होता, पिच किती बदलला आणि चाकं टचडाउन झोनमध्ये टेकली का, हे रेकॉर्डिंगवर दाखवा. आधी त्यालाच विचारा काय दिसलं, मग तुमचं सांगा.