मर्डरबॉट: क्रम एका ठिकाणी बदला

मार्था वेल्सची ‘मर्डरबॉट’ ही विज्ञानकथा-मालिका प्रकाशनाच्या क्रमाने वाचा, असं एका लेखात म्हटलंय. पहिल्या चार लघुकादंबऱ्यांपुरतं (२०१७-१८) ते बरोबर आहे. पुढे घोळ होतो. ‘फ्युजिटिव्ह टेलिमेट्री’ २०२१ची असली तरी तिचं कथानक २०२०च्या ‘नेटवर्क इफेक्ट’च्या आधी घडतं, म्हणून ती पाचवी वाचा. ‘सिस्टम कोलॅप्स’ (२०२३) ‘नेटवर्क इफेक्ट’ संपल्यावर लगेच सुरू होते आणि मागचं फारसं समजावून सांगत नाही. दोघींत वर्षभराचं अंतर पडलं तर कोण कुठल्या ग्रहावर, हेच आठवत नाही. या दोन सलग घ्या.

पहिलं पुस्तक दीडेकशे पानांचं, दोन बैठकांत उरकतं. तिथे नाही आवडलं तर पुढे रेटू नका, सूर शेवटपर्यंत तोच आहे.

मराठीत कुणी आणणार असेल तर खरी गोम क्रियापदांत आहे. निवेदक यंत्रमानव, ना पुरुष ना स्त्री, आणि बोलतो ‘मी’ म्हणून. (बघा, माझंही ‘बोलतो’ झालंच!) ‘मी दार उघडलं’ चालून जातं, ‘मी जाईन’ही. पण ‘मी गेलो’ की ‘मी गेले’?