धावताना पोट बिघडतं? चमचाभर ग्लुटामाइन त्याला पुरं पडत नाही

धावपटूंमध्ये सध्या एक सल्ला जोरात फिरतोय: "लांब धावताना आतडं गळतं. आधी 5 ग्रॅम ग्लुटामाइन घ्या, आतडं सीलबंद होतं, मळमळ आणि जुलाब थांबतात. अमिनो आम्लच ते, अपाय काहीच नाही." यातलं पहिलं वाक्य बरंचसं खरं आहे. पुढची वाक्यं मात्र तपासावी लागतात.

"आतडं गळतं"

जोरदार व्यायामात रक्त स्नायूंकडे आणि त्वचेकडे वळतं. आतड्याचा रक्तपुरवठा घटतो आणि अस्तराच्या पेशींना ऑक्सिजन कमी पडतो. शरीर तापलं की पेशींमधले सांधेही सैल होतात. मध्यम तीव्रतेचा व्यायाम 2 तासांच्या आसपास गेला, त्यात ऊन असलं, की हे ठळक दिसतं. पण निरोगी माणसाचं अस्तर विश्रांतीनंतर लवकर सावरतं. याला कायमचा आजार समजून रोज पावडर घेत राहायला आधार नाही.

"5 ग्रॅम पुरे"

दाव्याची सगळ्यात कच्ची बाजू हीच. ग्लुटामाइन हे आतड्याच्या पेशींचं महत्त्वाचं इंधन आहे, त्यामुळे कल्पना मुळात चुकीची नाही. 2014 च्या एका छोट्या प्रयोगात उष्णतेत धावणाऱ्यांच्या आतड्याची पारगम्यता, म्हणजे अस्तरातून झिरपण्याचं प्रमाण, खरोखर कमी झाली. पण मात्रा होती चरबीविरहित वजनाच्या दर किलोमागे रोज 0.9 ग्रॅम, तीही सलग 7 दिवस. चरबी वगळून 50 किलो भरणाऱ्या माणसाला हे रोज 45 ग्रॅम, म्हणजे 5 ग्रॅमचे नऊ चमचे. साध्या पाण्यात लिटरमागे जेमतेम 40 ग्रॅम विरघळतं, म्हणून अर्ध्या लिटरच्या बाटलीत एवढी पावडर घातली तर बरीचशी तळाशी बसते. पुढे 2017 मध्ये धावण्याच्या 2 तास आधी एकदाच 0.25 ग्रॅम प्रतिकिलो देऊनही काहीसा फायदा दिसला. नंतरच्या एका प्रयोगात 0.3 ग्रॅम देऊन उष्णतेत व्यायाम करवला, तेव्हा दिसला नाही. आपल्या 50 किलोच्या हिशेबात 0.25 म्हणजे साडेबारा ग्रॅम. पाच ग्रॅम त्याच्याही निम्म्याखाली राहतात.

"मळमळ आणि जुलाब थांबतात"

पारगम्यता आणि त्रास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अस्तर कमी झिरपतं म्हणून पोटाचा त्रास कमी होईलच, असं नाही. एका प्रयोगात उष्णतेत 2 तास धावताना दर 20 मिनिटांनी 15 ग्रॅम ग्लुकोज किंवा तेवढंच विघटित व्हे (दुधातलं) प्रथिन दिलं. साध्या पाण्याच्या तुलनेत दोन्हींनी आतड्याची इजा कमी केली, पण व्हे घेणाऱ्यांचं पोट जास्त बिघडलं. ग्लुकोज स्वस्त आहे, धावताना लागतंच, तरी ते सोडून लोक पावडरीमागे लागतात याचं वाईट वाटतं.

कर्बोदकं पचवायचा सराव आतड्यालाही द्यावा लागतो. तासाला 30 ग्रॅमपासून सुरुवात करा आणि काही आठवडे लांब धावण्यांमध्ये हळूहळू 60 पर्यंत न्या. त्यापुढे, 90 पर्यंत जायचं तर ग्लुकोजसोबत फ्रुक्टोज हवं, साधारण 2:1, कारण दोघांची शोषणाची वाट वेगळी आहे. द्रावण 6 ते 8 टक्के ठेवा, म्हणजे 100 मिलिलिटरमध्ये 6 ते 8 ग्रॅम कर्बोदकं. घट्ट द्रावण जठरात रेंगाळतं, आतड्यात पाणी ओढतं आणि मग जुलाब लागतात. शर्यतीच्या आदल्या दिवशी तंतुमय पदार्थ कमी करा. उन्हात वेग उतरवा.

आणि आयबुप्रोफेन ही वेदनाशामक गोळी घेऊन धावू नका. व्यायामाने आतड्याला होणारी इजा ते वाढवतं, हे प्रयोगात दिसलंय.

"अपाय काहीच नाही"

निरोगी माणसाला थोड्या मात्रेत सहसा त्रास होत नाही. पण ग्लुटामाइनच्या विघटनातून अमोनिया तयार होतो, म्हणून यकृताचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घेऊ नये. आणि अमिनो आम्ल म्हणजे निरुपद्रवीच, असंही नाही: आर्जिनीन हे दुसरं अमिनो आम्ल एकदम 10 ग्रॅमच्या आसपास घेतलं तर त्यानेच जुलाब लागू शकतात. धावल्यावर शौचात रक्त दिसलं, तर पावडर बदलत बसू नका, तपासणी करून घ्या.